डावा बूट विद्यापीठाचा

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत निम्मेसर बसायचे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कारखान्यांत आणि कार्यशाळांत काम शिकायला पाठवायचं, तिथे त्यांचं बरं चाललंय ना ते बघायचं आणि मुदत संपली की त्यांना धडधाकट परत आणायचं, हे त्यांचं काम. खरं नाव ओळखपत्रावर असेल. पण सगळ्यांसाठी ते निम्मेसर होते, कारण त्यांना अख्खं असं काही सोसतच नसे.

बिस्कीट पुढे आलं की ते मधोमध मोडायचे आणि निम्मं समोरच्याला द्यायचे. समोर कोणी नसलं तर ते निम्मं बशीत ठेवून दाराकडे बघत बसायचे. ऊन आलं तर पडदा अर्धाच ओढायचे, म्हणजे ऊनही नाराज नको. घरी बायको वैतागायची, "अहो, भांडण तरी पुरतं करा! ऐन रंगात आलं की उठून दाढी करायला जाता."

"माझं निम्मं झालं," ते आरशातून म्हणायचे. "उरलेलं तुझं."

ही खोड लहानपणची. दोघे भाऊ, मधे जेमतेम वर्षाचं अंतर, घरात वस्तू एक आणि ओढणारे हात चार. आईने एक नियम घातला: थोरल्याने कापायचं, धाकट्याने निवडायचं. सफरचंद असो, साबणाची वडी असो, नाहीतर अंथरुणातली भिंतीकडची जागा. आपल्या वाट्याला लहान तुकडा येऊ नये म्हणून थोरला इतकं काटेकोर कापायला शिकला की निवडताना धाकट्याला रडू यायचं. दोन्ही तुकडे तंतोतंत सारखे, मग निवडायचं काय? एकदा मामाने चाकांच्या बुटांचा एकच जोड आणला. दोघांनी एकेक बूट घातला आणि एकेका पायावर, एकमेकांच्या खांद्याला धरून, सगळी गल्ली पालथी घातली. पडले तेही एकदमच, आणि गुडघाही दोघांचा एकेकच फुटला.

पुढे थोरला विद्यापीठात चिकटला आणि धाकटा शिड्या बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन झाला. आईचीही वाटणी झाली होती. आठवड्याचा पूर्वार्ध ती थोरल्याकडे असायची, उत्तरार्ध धाकट्याकडे. आणून सोडायचं एकाने, घेऊन जायचं दुसऱ्याने. तिची तक्रार नव्हती. दोन्हीकडे पाहुणी असल्यामुळे दोन्हीकडे ती मनसोक्त हुकूम सोडायची.

एक गोष्ट मात्र निम्मेसरांच्या स्वतःच्याही फार उशिरा लक्षात आली. उभ्या जन्मात त्यांनी कधी काही निवडलं नव्हतं. ते नेहमी कापत आले होते.

शिड्यांच्या कारखान्याशी विद्यापीठाचा करार करायचं ठरलं, तेव्हा वरून एवढंच सांगून आलं की कामावर येणाऱ्या विद्यार्थ्याची जबाबदारी दोन्ही संस्थांनी निम्मी-निम्मी उचलावी. निम्मी म्हणजे कशी, हे वरच्यांनी सांगितलं नाही. दुसरे कोणी असते तर त्यांनी विचारलं असतं. पण टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते हे दोघे भाऊ. त्यांना काय विचारायचं होतं! थोरला कापत गेला आणि धाकटा निवडत गेला.

"सकाळी मुलाला आणायची बस आणि संध्याकाळी पोचवायची बस," थोरला म्हणाला. "बोल."

"पोचवायची माझी. घरी जायला कोणी उशीर करत नाही."

"लबाड आहेस."

"कापलंस तू, दादा. पुढचं काढ."

"डोक्यावरची टोपी आणि टोपीचा पट्टा."

"टोपी कारखान्याची. पट्टा तुम्ही बघा."

"डावा बूट, उजवा बूट."

धाकट्याने जरा विचार केला. दोन्ही तंतोतंत सारखे होते, त्यामुळे जुन्या सवयीने त्याचे डोळे किंचित पाणावले. "उजवा," तो म्हणाला.

दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? एकेका चाकाच्या बुटावर ते अख्खं बालपण फिरून आले होते. दुकानदार एकच बूट विकत नाही हे कळल्यावर विद्यापीठाने अख्खा जोड घेतला, डावा विद्यार्थ्यासाठी बाहेर ठेवला आणि उजवा कपाटात कुलूपबंद केला. कारखान्यानेही तसंच केलं, फक्त उलट्या पायाने. विद्यापीठाने बूट घेतले ते टिकाऊ, जाड टाचेचे, पिढ्यानपिढ्या टिकावे असे. कारखान्याने घेतले ते शिडीवर चढायला हलके, पातळ तळाचे. एकमेकांच्या वाट्यात डोकावायचं नाही ही आईची शिकवण, त्यामुळे दोन्ही बूट शेजारी ठेवून कोणी पाहिलेच नाहीत.

या करारावर पहिल्यांदा कामाला गेली ती चिमणी. हे तिचं घरचं लाडाचं नाव. प्रत्यक्षात ती दारातून वाकून आत यायची, आणि निम्मेसरांच्या जिन्याखालच्या खोलीत तर बसूनच राहायची, कारण उभी राहिली की डोकं पायरीला लागायचं. तिला आधी जिथे पाठवलं होतं तो कारखाना मध्येच दुसऱ्या गावी निघून गेला होता. त्यामुळे हे तिचं शेवटचं ठिकाण. हेही मोडलं तर वर्ष बुडणार होतं, आणि वर्ष बुडालं तर घरचे तिला मामाच्या दुकानात बसवणार होते.

"मामा वाईट आहे का?" निम्मेसरांनी विचारलं.

"मामा फार चांगला आहे, सर. पण त्याच्या दुकानाचं छत इथपर्यंत आहे." तिने स्वतःच्या हनुवटीला हात लावला.

शिडी हा तर तिचा जीव की प्राण. उंचावर गेलं की तिला मोकळं वाटायचं. तिथे कोणी 'जरा वाक' म्हणत नाही. कारखान्यात तिला काम मिळालं ते चाचणीचं. तयार झालेल्या शिडीवर चढायचं, वरच्या पायरीवर उभं राहायचं आणि शिडी डुगडुगते का, वाकते का, कलते का, ते सांगायचं. चाचणीच्या खोलीत विद्यार्थ्याला करारातल्या बुटांखेरीज पायात दुसरं काही घालायला सक्त मनाई होती. ते बूट घालून चिमणी पहिल्या दिवशी दोन पावलं चालली आणि तिसऱ्याला फोरमनच्या अंगावर गेली.

"काका, मी लंगडतेय. डावा बूट उंच आहे."

फोरमनने चष्मा वर केला. "डावा विद्यापीठाचा. त्यात मी तोंड घालणार नाही. उंचाची तक्रार तिकडे."

संध्याकाळी ती जिन्याखाली आली. "सर, दोन बूट सारखे नाहीत."

निम्मेसरांनी डावा बूट हातात घेतला, ठोकून पाहिला, वास घेतला. "अगं, उत्तम बूट आहे. हा उंच नाही. उजवा बुटका असणार. बुटक्याची तक्रार तिकडे."

तरीही कर्तव्य म्हणून त्यांनी तिला विद्यापीठाच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी डावा पाय वाकवला, ताणला, गुदगुल्या केल्या. "ठणठणीत."

"आणि उजवा?" चिमणीने विचारलं.

"तो कारखान्याचा ना, बाळा."

कारखान्याच्या दवाखान्यात उजवा पायही ठणठणीत निघाला. दोन ठणठणीत पायांची मुलगी लंगडत घरी गेली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ही दोन घरची पाहुणी पोटाने भरलेली आणि चालीने तिरकी.

पण माणसाला सवय कशाचीही होते. काही आठवड्यांत चिमणीला स्वतःचा कल जाणवेनासा झाला. जगच थोडं उजवीकडे झुकलेलं आहे असं तिने मनोमन मान्य करून टाकलं आणि ती कामाला लागली. शिडीवर चढायची, वर उभी राहायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "काका, ही उजवीकडे कलते!"

फोरमन इमानी माणूस. तो लगेच त्या शिडीचे डावीकडचे पाय किंचित घासायचा. चिमणी पुन्हा चढायची. "अजून जरा!" तो अजून जरा घासायचा. "हं, आता सरळ!" शिडीवर पास झाल्याचा शिक्का बसायचा. दुसरी यायची. तीही उजवीकडे कलायची.

"पोरीची नजर बघ, दादा!" धाकटा एकदा फोनवर म्हणाला. "आजवर आमच्या एकाही शिडीचं कलणं कोणाला दिसलं नव्हतं. हिने सगळ्या पकडल्या!"

निम्मेसरांची छाती फुगली. निम्मीच, पण फुगली.

असं सगळं गोडीगुलाबीने चाललं असताना पाहणीचा दिवस आला. विद्यापीठाच्या कुलसचिव बाई आणि कारखान्याचे मालक चाचणीच्या खोलीत येऊन चिमणीचं काम बघणार होते. पटलं तर करार पुढे चालू, नाही तर तिथेच बंद. बंद म्हणजे चिमणी मामाच्या छताखाली. निम्मेसर सकाळपासून बिस्कीट हातात धरून हिंडत होते, पण मोडत नव्हते. त्यांना भीती वाटत होती.

त्यात तो आईच्या बदलीचा दिवस. थोरला तिला पिशवीसकट कारखान्यात घेऊन आला, म्हणजे संध्याकाळी धाकट्याला तिथूनच नेता यावं. तिला भिंतीशी खुर्ची दिली. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सगळ्या शिड्यांकडे, नातीसाठी स्थळ बघावं तशी बघू लागली.

खोलीच्या मधोमध एक नवीकोरी शिडी उभी होती. घडीची, स्वतःच्या चार पायांवर उभी राहणारी. मालक अंगाने गोल आणि उत्साही. "आधी मी चढतो!" असं म्हणून ते चढले, आणि तिसऱ्या पायरीवर त्यांचा चेहरा बदलला. ते हळूहळू डावीकडे झुकू लागले, जसं एखादं चित्र खिळ्यावरून सरकावं.

"ही कलतेय," ते पुटपुटले.

"उंचीची सवय लागते हो," कुलसचिव बाई हसून म्हणाल्या. मालक उतरले आणि बाई चढल्या. बाई पदवीदानाच्या दिवशी व्यासपीठावर जशा ताठ उभ्या राहतात तशाच वर उभ्या राहिल्या. फक्त ताठपणे डावीकडे. "कलतेय," त्या म्हणाल्या आणि जरा घाईने उतरल्या.

फोरमनला घाम फुटला. "असं कसं होईल? पास झालेली शिडी आहे! चिमणे, चढ बघू."

चिमणी झपाझप चढली आणि वर उभी राहिली. देवळाच्या खांबासारखी सरळ. "अगदी ओळंब्यात आहे की, काका!"

दुसरी शिडी आणली, तिसरी आणली. मालक डावीकडे, बाई डावीकडे, चिमणी सरळ. मालकांनी रुमालाने मान पुसली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "फोरमन, ही गुणवंत मुलगी आल्यापासून आपण किती शिड्या पास केल्या?"

"गोदामभर," फोरमन म्हणाला.

 चिमणीने वरून खाली पाहिलं. खाली एका ओळीत सगळ्यांची पावलं होती, आणि प्रत्येकाची दोन्ही पावलं एकमेकांसारखी होती. मग तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. एक जाड बूट. एक पातळ बूट.

"काका," ती म्हणाली, "शिड्या नाही कलत. मी कलते."

मग जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. मालक ओरडले, "विद्यापीठाच्या बुटाने माझं गोदाम वाकडं केलं!" बाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "डावा बूट आमचा आहे आणि तो निर्दोष आहे. त्यात काय खोट आहे ते दाखवा." मालक म्हणाले, "मग उजव्यात दाखवा!" दोन्ही बुटांत दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. विद्यापीठाने कारखान्यावर ढकललं, कारखान्याने विद्यापीठावर, तू-तू मी-मी होता होता शेवटी दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: हा प्रकार आजच्या आज बंद करायचा.

"मुली, उतर खाली," बाई म्हणाल्या.

"उतरून जाऊ कुठे?" चिमणी वरच्या पायरीवर बसली आणि तिने शिडीला मिठी मारली. "मामाच्या दुकानात? मी नाही उतरत. इथे वर मी सरळ आहे."

एवढी उंच मुलगी एकदम खाली बसल्याने शिडी डुगडुगली. दोन्ही भाऊ धावले. थोरल्याने डावीकडचे पाय धरले, धाकट्याने उजवीकडचे. थोरल्याला वाटलं शिडी तिकडे जातेय, त्याने आपल्याकडे ओढली. धाकट्याला वाटलं इकडे येतेय, त्याने आपल्याकडे ओढली. शिडी झोपाळ्यासारखी हलू लागली आणि वरून चिमणी ओरडली, "अहो, पडले तर निम्मी नाही पडणार, अख्खी पडेन!"

"अरे मेल्यांनो!" भिंतीकडून आवाज आला. आई उठली होती. मांडीवरची पिशवी खाली पडली होती. "एकेक बाजू काय धरताय? दोघांनी दोन्ही बाजू धरा!"

"पण आई, वाटणी..." धाकटा म्हणाला.

"वाटणी सफरचंदाची असते रे! तुम्हाला दोघांना एकदम गोवर आला, तेव्हा मी काय निम्म्याच पुरळांकडे बघत होते का?"

दोघांनी दोन्ही बाजू धरल्या. त्यासाठी एकाचे हात दुसऱ्याच्या हातांतून गेले आणि दोन पांढऱ्या डोक्यांची टक्कर झाली. निम्मेसरांचा गाल धाकट्याच्या खांद्यावर टेकला. इतक्या जवळ ते चाकांच्या बुटांनंतर पहिल्यांदाच आले होते. शिडी मात्र स्थिर झाली. कललेली, पण स्थिर.

"ठीक आहे," मालक जरा निवळून म्हणाले. "मला एकच उत्तर द्या. या मुलीची जबाबदारी कोणाची? कोणाकडे बघून बोलायचं आम्ही?"

बाईंनीही मान हलवली. सगळे निम्मेसरांकडे बघू लागले.

"काप, दादा," धाकटा खांद्याखालून कुजबुजला. "तू काप, मी निवडतो."

निम्मेसरांनी वर पाहिलं. चिमणीचे दोन बूट त्यांच्या डोक्यावर लोंबत होते, एक वर, एक खाली. कुठून कापावं ते त्यांना दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सुरी फिरवायला जागा सापडली नाही.

"कापत नाही," ते म्हणाले. "अख्खी माझी."

 मग धाकट्याने शिडी न सोडता मान वळवली.

"असं कसं? दिवसभर माझ्याकडे असते ती. अख्खी माझी."

"मी आधी म्हटलं."

"नेहमी निवडायचं मी! नियम आहे! आई, बघ ना गं!"

"माझी विद्यार्थिनी आहे ती."

"माझी परीक्षक आहे!"

कुलसचिव बाईंनी आणि मालकांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनीही आपापल्या जागी उमर घालवली होती. जबाबदारी ढकलणारी माणसं त्यांनी पोत्याने पाहिली होती. ओढणारी पाहिली नव्हती. आणि इथे दोन पिकले म्हातारे एका शिडीला बिलगून ती स्वतःकडे ओढत होते, तेही गुडघ्यांवर बसून.

"करार राहू दे," बाई म्हणाल्या.

"राहू दे," मालक म्हणाले. "पण यापुढे वाटण्या नकोत. दोघांनी अख्खी घ्या."

"आता तरी उतर गं," आई म्हणाली. "मान दुखली माझी वर बघून."

चिमणी उतरली. खाली आल्यावर तिने दोन्ही बूट काढून हातात घेतले आणि जमिनीवर अनवाणी उभी राहिली. जरा वेळ तिला आपण डावीकडे पडतोय असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते मात्र भीक नको पण कुत्रं आवर अशा थाटाचं होतं. कपाटांतून बाकीचे बूट निघाले आणि चिमणीला दोन जोड मिळाले. दोन टोप्या मिळाल्या, पट्ट्यांसकट. सकाळी तिला आणायला दोन बसगाड्या यायच्या, आणि ती एकीत बसली की दुसरी रिकामी मागे मागे यायची. दोन्ही दवाखान्यांनी तिचे दोन्ही पाय तपासले. संध्याकाळी तिच्या आईला दोन फोन जायचे, "पोचली ना?" म्हणून, मग दोघे भाऊ एकमेकांना फोन करून विचारायचे, "तू केलास ना?"

"सर," एक दिवस चिमणी जिन्याखाली बसून म्हणाली, "राग नका मानू, पण निम्मे होता तेव्हा जरा श्वास घेता यायचा."

"सवय होईल," निम्मेसर म्हणाले आणि त्यांनी तिला अख्खं बिस्कीट दिलं. मग जरा घुटमळून तिच्या हातून निम्मं परत घेतलं. एका दिवसात माणूस किती बदलणार!

चिमणीचं वर्ष सुखरूप पार पडलं, आणि मालकांनी तिला चाचणीच्याच कामावर ठेवून घेतलं. मामा तिला भेटायला आला तेव्हा छताकडे बघतच राहिला. गोदामभर कललेल्या शिड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता; मालकांनी त्यांवर 'उतारावरच्या घरांसाठी खास' असं लिहिलं आणि त्या हातोहात गेल्या.

त्यातली एक निम्मेसरांनी मागून घेतली. गोदामात त्यांना धाकट्याने विचारलं होतं, "कोणती देऊ, दादा?" निम्मेसर त्या सारख्याच शिड्यांमधून बराच वेळ हिंडले, आणि शेवटी मागच्या रांगेतल्या एकीवर त्यांनी हात ठेवला. "ही," ते म्हणाले. का, ते त्यांना सांगता आलं नाही.

ती आता जिन्याखालच्या खोलीत, उंच कपाटाला लागून उभी आहे. तिच्या पायाशी चिमणीच्या जुन्या बुटांचा एक जोड ठेवलेला असतो. वरच्या खणातलं काही काढायचं असलं की निम्मेसर आपल्या चपला काढतात, डाव्या पायात जाड बूट घालतात, उजव्यात पातळ, आणि अगदी सरळ वर चढतात.